सुरतेच्या लेकी आणि हरवलेली रिळे
(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी, संतवाङ्मय, मराठ्यांचा इतिहास असे भारदस्त विषय झाल्यानंतर आज मी सिनेमावर बोलणार आहे. हे ऐकून काही ज्येष्ठ सभासदांच्या कपाळाला आठी पडली असेल, तर ती स्वाभाविक आहे. ग्रंथालय आणि सिनेमा यांचे नाते आपल्याकडे सवतीमत्सराचेच मानले गेले. मुले सिनेमाला जातात म्हणून वाचत नाहीत, ही तक्रार ग्रंथालयांच्या वार्षिक सभांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आज मात्र मला असे दाखवायचे आहे की, आपल्या जुन्या सिनेमाची जी काही स्मृती आज उरली आहे, ती प्रामुख्याने छापील कागदाने राखली आहे. आणि ज्यांच्या स्मृतीबद्दल मी बोलणार आहे, त्यांतल्या काही व्यक्ती याच सुरतेच्या आहेत.

सुरत आणि मराठी माणूस म्हटले की १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. त्यावरून इथल्या गुजराती मित्रांनी केलेली थट्टा आपण सर्वांनी ऐकली आहे आणि हसून घेतली आहे. पण सुरतेचा आणि मराठी मुलखाचा आणखी एक धागा आहे, तो फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना, भेस्तान मागे टाकून पुढे गेली की सचिन स्टेशन लागते. आज हे नाव आपल्याला औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक आहे. एके काळी ती सिद्दी नबाबांच्या छोट्या संस्थानाची राजधानी होती. जंजिऱ्याच्या गादीच्या तंट्यात बाजूला पडलेला बाळू मियाँ सिद्दी पेशव्यांच्या आश्रयाला आला. नाना फडणिसांच्या कारभारात, १७९१ साली, असा करार झाला की त्याने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना द्यावा आणि बदल्यात सुरतेजवळची सचिनची जहागीर घ्यावी. पेशव्यांच्या हाती जंजिरा अखेरपर्यंत आला नाही. सचिन मात्र १९४८ साली विलीनीकरण होईपर्यंत नबाबांकडे राहिले. सौद्यात फायदा कोणाचा झाला, हे श्रोत्यांनीच ठरवावे!

या सचिनच्या नबाबांपैकी तिसरे इब्राहिम मुहम्मद याकूतखान यांच्याशी एका स्त्रीचे नाव जोडले जाते. तिचे नाव फातमा बेगम. जन्म १८९२ सालचा. उर्दू रंगभूमीवर तिने काम केले होते. नबाबांशी तिचा विवाह झाल्याचा दस्त नाही, आणि तिच्या मुलींना नबाबांनी आपल्या म्हणून मान्यता दिल्याचीही नोंद नाही. त्यांच्या घराविषयी जे सांगितले जाते ते लोकांच्या तोंडचे आहे. कागदावर जे आहे ते मात्र कोणाही संस्थानिकाच्या वंशावळीपेक्षा मोलाचे आहे. फातमा बेगम यांनी १९२६ साली स्वतःची चित्रपटसंस्था काढली आणि ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून नोंद आहे ती त्यांची.

या गोष्टीचे महत्त्व कळावे म्हणून तेरा वर्षे मागे जाऊ. १९१३ साली दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करीत होते, तेव्हा तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून उभे राहिले. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे केली! मधल्या काळात, १९१३ सालीच, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. या कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखले यांच्या मातोश्री आणि विक्रम गोखले यांच्या आजी. मायलेकींनी वाट पाडली खरी, पण त्या वाटेने लगेच गर्दी झाली नाही. रंगभूमीवर बालगंधर्वांच्या शालूची घडी पाहून घरंदाज स्त्रिया आपली नेसण सुधारीत होत्या. त्याच घरातल्या मुलीने कॅमेऱ्यापुढे उभे राहावे ही कल्पना कोणालाही सहन झाली नसती.

अशा काळात, १९२२ साली, अर्देशीर इराणी आणि भोगीलाल दवे यांच्या स्टार फिल्म कंपनीने ‘वीर अभिमन्यू’ काढला. दिग्दर्शक मणिलाल जोशी. त्यात सुभद्रेच्या भूमिकेत फातमा बेगम होत्या आणि उत्तरेच्या भूमिकेत त्यांची मुलगी सुलताना. सासू-सुनेची कामे प्रत्यक्षातल्या मायलेकींनी केली. त्यांच्या तीन मुली, सुलताना, झुबेदा आणि शहजादी, पडद्यावर आल्या. आईने आधी स्वतः नाव कमावले, मुलींना पुढे आणले आणि मग स्वतःची संस्था काढून दिग्दर्शनाला हात घातला. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ ही परीकथा होती. त्यानंतर १९२८ मध्ये ‘हीर रांझा’ आणि ‘चंद्रावळी’, १९२९ मध्ये ‘शकुंतला’, ‘मिलन दिनार’, ‘कनकतारा’ असे चित्रपट त्यांनी दिले. तीन-चार वर्षांत सात-आठ चित्रपट! त्यांतला एकही आज पाहायला मिळत नाही. या बाईंची दृष्टी कशी होती, प्रसंग त्या कसा बांधीत, आपल्याच मुलीला कॅमेऱ्यापुढे कशी उभी करीत, यांपैकी काहीच पाहून सांगता येत नाही. नावे, साले आणि जाहिरातींतली वर्णने तेवढी उरली. १९३८ पर्यंत त्या पडद्यावर दिसल्या. पुढे नव्वदी ओलांडून १९८३ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे पडदा सोडल्यानंतर त्या पंचेचाळीस वर्षे आपल्यातच होत्या. त्यांच्याकडून सविस्तर हकिगत लिहून घ्यायला एवढा अवधी पुरेसा होता.

त्यांची मुलगी झुबेदा. जन्म १९११, सुरत. बाराव्या वर्षाच्या सुमारास ती ‘कोहिनूर’ या मूकपटात दिसली आणि पुढच्या सात-आठ वर्षांत मूकपटांतील आघाडीच्या नायिकांत गणली जाऊ लागली. कोहिनूर कंपनीचा १९२४ चा ‘गुल-ए-बकावली’, कन्हैयालाल मुनशींच्या कादंबरीवरून घेतलेला ‘पृथ्वीवल्लभ’, रवींद्रनाथांच्या ‘विसर्जन’ नाटकावर नवल गांधी यांनी काढलेला १९२७ चा ‘बलिदान’, अशी तिच्या कामांची यादी आहे. २००१ साली श्याम बेनेगल यांचा ‘जुबैदा’ आला, तेव्हा अनेकांना ती या झुबेदाचीच कथा वाटली. तसे नाही, ती निराळी स्त्री, जोधपूरच्या राजघराण्याशी जिचा संबंध आला ती. नाव उरावे आणि त्या नावाखाली दुसरीच व्यक्ती लोकांच्या डोळ्यांपुढे यावी, हाही विस्मृतीचाच एक प्रकार.

आता ज्या चित्रपटामुळे झुबेदाचे नाव इतिहासात कायमचे लागले, त्याकडे वळतो. १४ मार्च १९३१. मुंबईतील गिरगावचे मॅजेस्टिक सिनेमागृह. चित्रपट ‘आलम आरा’, आपल्या देशातला पहिला बोलपट. निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी, मूळचे पुण्याचे. जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावर कथा बेतलेली. त्या दिवशी गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेल्याचे सांगतात.

हा चित्रपट तयार कसा झाला, हे ऐकण्यासारखे आहे. इंपीरियल कंपनीचा स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता. मूकपटाला गाड्यांच्या आवाजाचे सोयरसुतक नव्हते. आता मात्र प्रत्येक शिट्टी पट्टीवर उतरणार! म्हणून लोकलगाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर काम सुरू होई आणि पहाटेची पहिली गाडी येण्यापूर्वी आटोपावे लागे. यंत्र असे होते की ध्वनी आणि चित्र एकाच फितीवर, एकाच वेळी नोंदले जाई. मागाहून आवाज भरणे, चुकलेला शब्द बदलणे, यांतले काही शक्य नव्हते. मायक्रोफोन प्रेक्षकांना दिसणार नाहीत असे नटांच्या आसपास दडवून ठेवीत. गाणे म्हणताना वादकही तिथेच, कॅमेऱ्याच्या नजरेआड बसलेले. आज एखादी गायिका एकेक ओळ वेगवेगळी मुद्रित करते. झुबेदाने मात्र अर्धी रात्र उलटल्यावर, गाडीच्या भीतीखाली, अभिनय आणि गायन एकाच दमात केले.

तिची निवडही विचारपूर्वक झाली असली पाहिजे. मूकपटांची सम्राज्ञी सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, त्या वेळी इंपीरियलचीच नायिका होती. पण तिची हिंदुस्तानी भाषा कच्ची होती. बोलपट आला आणि भल्याभल्यांचे सिंहासन जिभेने हलवले. सुलोचनाने हार मानली नाही. तिने भाषा शिकून घेतली आणि आपलेच जुने मूकपट बोलपटांच्या रूपात पुन्हा केले. पण पहिल्या दिवसाचा मान गेला तो उर्दू रंगभूमीच्या संस्कारात वाढलेल्या सुरतेच्या मुलीकडे.

आणि नायक? नायक आपला मराठी होता! मास्टर विठ्ठल. लहानपणी नाटक मंडळीत काम केलेला, कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत चित्रपटाची उमेदवारी केलेला. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’त तो नर्तक म्हणून दिसला. पुढे शारदा कंपनीच्या मारधाडीच्या मूकपटांनी त्याला ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ करून टाकले. तलवार, घोडा, गच्चीवरून उडी, हे सारे त्याच्या अंगात. ‘आलम आरा’साठी त्याने शारदा कंपनी सोडली, तेव्हा कंपनीने करारभंगाचा दावा लावला. त्याची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर महंमदअली जीना, आणि त्यांनी खटला जिंकून दिला. आपल्या देशाच्या पहिल्या बोलपटाचा मराठी नायक जीनांच्या वकिलीमुळे मोकळा झाला, ही गोष्ट इतिहासाच्या किती शिक्षकांना ठाऊक असेल?

खटला जिंकला, पण जीभ जिंकता आली नाही. विठ्ठलचे उर्दू उच्चार पडद्याला मानवतील असे नव्हते. मग भूमिकाच अशी बेतली की नायक बराच काळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत राहावा! पहिल्या बोलपटाचा नायक जवळजवळ अबोल राहिला. यावर हसू येते, पण त्या हसण्याला कारुण्याची किनार आहे. ज्या माणसाने आपल्या देहाने मूकपट बोलका केला, त्याला बोलपटाने मुका केले. हिंदीतले त्याचे नायकपद फार टिकले नाही. तो मराठीकडे वळला. भालजी पेंढारकरांच्या १९३९ च्या ‘नेताजी पालकर’मध्ये त्याची तलवार पुन्हा तळपली. पुढे भूमिका लहान होत गेल्या. १९६९ साली तो गेला. त्याच वर्षी अर्देशीर इराणीही गेले.

झुबेदा आणि विठ्ठल यांची जोडी ‘आलम आरा’पूर्वीही, ‘बलिदान’मध्ये, प्रेक्षकांनी पाहिली होती. सेनापती आदिलची भूमिका करणारा तरुण पुढे पृथ्वीराज कपूर म्हणून देशाला माहीत झाला. पण पडद्यावर पहिले गाणे म्हणणारा नट कोण, असे विचारले तर उत्तर यायला वेळ लागतो. वजीर महंमद खान. फकिराच्या वेषात त्याने ते म्हटले. नानूभाई वकील यांनी १९५६ आणि १९७३ साली ‘आलम आरा’ पुन्हा काढला, त्या दोन्ही वेळा हाच नट त्यात होता. एकच कथा, तीन पिढ्यांचे प्रेक्षक आणि तिन्ही वेळा पडद्यावर तोच माणूस, असा योग क्वचितच येतो. पण त्याचे नाव प्रश्नमंजूषेपलीकडे गेले नाही.

झुबेदाची पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९३२ च्या एझरा मीर यांच्या ‘झरीना’त ती सर्कशीतली मुलगी झाली, आणि त्यातील चुंबनदृश्यांवरून वादळ उठले. त्याच साली ती ‘मीराबाई’ही झाली. प्रेक्षकांनी दोन्ही रूपे स्वीकारली! १९३४ मध्ये नानूभाई वकील यांच्यासह तिने महालक्ष्मी मूव्हीटोन ही संस्था काढली. आईचा कित्ता मुलीने गिरवला. हैदराबादच्या नरसिंगगीर धनराजगीर यांच्याशी विवाह झाल्यावर ती हळूहळू पडद्याआड गेली. ‘निर्दोष अबला’ हा १९४९ चा चित्रपट शेवटचा. १९८८ साली तिचे निधन झाले.

श्रोतेहो, एवढे सगळे सांगितल्यावर आपण विचाराल की, ‘आलम आरा’ कुठे पाहायला मिळेल? कुठेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जानेवारी २००३ मध्ये आग लागली, तेव्हा ‘आलम आरा’ची शेवटची प्रत जळाल्याच्या बातम्या आल्या. संग्रहालयाचे शिल्पकार पी. के. नायर यांनी स्पष्ट केले की, ती प्रत संग्रहालयाकडे कधी नव्हतीच. १९६४ साली संग्रहालय स्थापन झाले, तोवर उशीर झाला होता. नायर स्वतः वृद्ध इराणींना भेटले होते. पण रिळे चांदी काढून घेऊन मोडीत गेली, असे पुढे त्या घरातूनच समजल्याचे त्यांनी सांगून ठेवले आहे.

चांदीची ही गोष्ट सुरतकरांना वेगळी समजावून सांगायला नको. जुन्या फिल्मवरचे चित्र चांदीच्या क्षारांतून उमटलेले असे. चित्रपट जुना झाला, त्याचा धंदा संपला की फिती धुऊन त्यांतली चांदी काढीत. आपल्या या शहरात जरीचा धंदा कित्येक पिढ्यांचा. जुना शालू विरला की जर जाळून चांदी काढतात, हे आपण पाहिलेले आहे. विणकराची नक्षी, पदरावरचे मोर, नेसणारीच्या लग्नाची आठवण, हे काही तराजूत चढत नाही. तराजूत चढते ती गुंजभर चांदी. आपल्या मूकपटांचे झाले ते हेच. नायट्रेटच्या फिती पेट घेणाऱ्या, सांभाळायला धोक्याच्या, दमट हवेत चिकट होऊन कुजणाऱ्या. त्यात चांदीचा मोह. आपल्या देशात सुमारे १३०० मूकपट निघाले असा हिशेब आहे. त्यांतले आज पूर्ण किंवा तुकड्यांत हाती असलेले तीसच्या आसपास. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण शांताराम शेतकरी झाले होते, तोही गेला. नारायण हरी आपट्यांची मूळ कथा मात्र आपण वाचू शकतो.

हा शेवटचा मुद्दा मला आपल्या ग्रंथालयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो. चित्रपट गेला, पण पुस्तक राहिले. फातमा बेगम यांच्याविषयी, झुबेदाविषयी, विठ्ठलविषयी आज मी जे बोललो, ते कोठून आले? वर्तमानपत्रांतील जाहिरातींतून, सेन्सॉरच्या याद्यांतून, थिएटरच्या दारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांतून. त्या काळी चित्रपटगीतांच्या तबकड्या काढण्याची प्रथा अजून पडलेली नव्हती. ज्या पहिल्यावहिल्या गाण्यांच्या चाली हरवल्या, त्यांचे शब्द या पुस्तिकांनी जपले. कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी अशा पुस्तिका गोळा करीत ‘हिंदी फिल्म गीतकोश’ सिद्ध केला. वीरचंद धरमसी यांनी मूकपटांची सूची लावली. मराठीत इसाक मुजावर आणि बापू वाटवे यांनी आयुष्यभर ही सामग्री जमवून लिहिले. यांच्यामागे कोणते मोठे विद्यापीठ उभे नव्हते. रद्दीच्या दुकानात बसून, कोणी टाकलेला कागद उचलून त्यांनी इतिहास वाचवला.

आपणही हे करू शकतो, म्हणून आज हा विषय निवडला. या शहरातली मराठी वस्ती खानदेशातून, कोकणातून, देशावरून आली. कोणी गिरणीत, कोणी मागावर, कोणी बँकेत, कोणी कचेरीत. येताना ट्रंकेत देवांच्या फोटोबरोबर चार पुस्तकेही आली. प्रभातच्या चित्रपटांच्या पुस्तिका, दिवाळी अंकांतील नटनट्यांची छायाचित्रे, थिएटरात वाटलेली हस्तपत्रके, असे काही ना काही अनेक घरांच्या माळ्यावर आजही असेल. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा किती घरांतले कागद लगदा होऊन बाहेर फेकले गेले, ते आपण डोळ्यांनी पाहिले. जे उरले, त्याला आता दुसऱ्या पुराची वाट पाहायला लावू नये.

माझी विनंती साधी आहे. शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयाने एक कपाट, एकच कपाट, अशा सामग्रीसाठी राखून ठेवावे. तळमजल्यावर नको, वरच्या मजल्यावर. सभासदांनी घरातली जुनी पुस्तिका रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा इथे आणून दाखवावी. ज्यांना मूळ प्रत सोडवत नाही, त्यांची छायाप्रत घ्यावी आणि मूळ सन्मानाने परत करावी. प्रत्येक कागदावर तो कोणत्या साली, कोणत्या गावात, कोणाच्या घरी मिळाला याची नोंद असावी. आणि दरवर्षी जुनी पुस्तके बाद करण्याची यादी तयार होते, तेव्हा ‘वाचक मागत नाहीत’ हे एकच कारण पुरेसे मानू नये. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ही एका काळी कोणी मागत नव्हते.

संजीवकुमार सुरतेचे, हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. त्यांचे मूळ नाव हरिहर जरीवाला. महापालिकेने त्यांच्या नावाने सभागृहही बांधले. ते योग्यच झाले. पण त्यांच्या जन्माच्या सात वर्षे आधी सुरतेचीच एक मुलगी देशाच्या पहिल्या बोलपटाची नायिका झाली होती, आणि तिच्या आईने त्याही आधी दिग्दर्शकाच्या खुर्चीवर बसून दाखवले होते. त्यांचे चित्रपट आता कोणी आणून देऊ शकणार नाही. त्यांची नावे शुद्ध लिहिणे, सालांसह लिहिणे आणि पुढच्या वाचकाला सापडतील अशा जागी ठेवणे, एवढे आपल्या हाती आहे. शंभर वर्षे आपले ग्रंथालय हेच काम करीत आले. पुढच्या शंभर वर्षांतही ते घडावे, अशी सदिच्छा व्यक्त करतो.